गौरम्माची झोप

उदगीर, २ मार्च २०१६, बुधवार

लातूरच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. "रोज किती तास मशीन लावलं, सकाळी कसं वाटलं, काही त्रास झाला का, एवढंच लिहा अप्पा." एवढंच लिहायला मी काय पहिलीतला पोरगा आहे? बत्तीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये मोजणीदार होतो. एकमेकांच्या नरड्याला धरलेल्या भावांच्या मधे बांधावर उभं राहून नकाशे काढले, आणि माझा एकही नकाशा कोर्टात खोटा ठरला नाही. तेव्हा लिहायचंच तर सगळं लिहीन.

आधी आजार. मी घोरतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण झोपेत माझा श्वास थांबतो, हे मला आत्ता कळलं. दवाखान्यात एक रात्र अंगभर वायरी चिकटवून निजवलं आणि सकाळी डॉक्टर म्हणाले, तासाला एकेचाळीस वेळा थांबतो. मी म्हणालो, मोजणीत चूक असेल. ते हसले आणि गौरम्माकडे वळले.

"बाई, तुम्हाला कधी जाणवलं का?"

"हाव. सतरा वर्सं झाली की," ती म्हणाली. "उसुर थांबला की मी हलवते." तिचं माहेर कर्नाटकातलं, भालकीचं. श्वासाला ती अजून उसुरच म्हणते, आणि मला 'अहो'च्या जागी 'री'.

"अंधारात कळतं कसं?"

ती लाजली. पदर सारखा केला. "ह्यांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी हाय. तिच्यावर हात ठेवून पडते. डबी वर-खाली होती तवर बरं. थांबली की दंडाला धरून हलवायचं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती भक्तीनं हात ठेवते.

डॉक्टरांनी तिच्या हाताची पट्टी पाहिली. मागच्या महिन्यात भाकरी करताना तिला डुलकी लागली आणि हात तव्यावर टेकला, त्याची ती पट्टी. "अप्पा, हे मशीन जेवढं तुमच्यासाठी तेवढंच यांच्यासाठी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नीट वापरलंत तर या झोपतील."

एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "मला दुसरं काय नको री. एक रात्र सलग झोपायचंय." मी शब्द दिला. इष्टलिंगावर हात ठेवून दिला.

५ मार्च, शनिवार

आमचा मुलगा संगमेश पुण्याहून मशीन घेऊन आला, जोडून दिलं, आणि रात्रीच्या गाडीनं परत गेला. नाकावर मास्क, डोक्यामागं पट्टे, मास्कला नळी आणि नळीच्या शेवटी मशीन. ते हवा दाबून सोडतं म्हणजे घसा मिटत नाही. आरशात पाहिलं तर साक्षात गणपती. गौरम्मानं मशीनला विभूतीची तीन बोटं ओढली, हात जोडले. मी म्हणालो, अगं मोटार आहे ती, देव नाही. "उसुर देतंय न्हवं?" ती म्हणाली.

सकाळी पडद्यावर तास उमटतात आणि एक चेहरा येतो. चांगलं झालं तर हिरवा हसरा, नाही तर लाल रडका. काल अडतीस मिनिटं, लाल. वावटळीत तोंड घालून निजल्यासारखं वाटतं. मी मास्क उपटून फेकला आणि वर तिच्यावरच खेकसलो. ती वारा घालत बसली होती.

८ मार्च, मंगळवार

काल महाशिवरात्र. दरवर्षी जागरणात मी खांबाला टेकून घोरतो आणि टाळवाले म्हणतात, अप्पा आहेत तर मृदंग कशाला. काल मात्र मी जागा राहिलो. डुलक्या गौरम्माच घेत होती, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. एवढ्या माणसांत! टाळवाल्यांतले भुजंगराव म्हणाले, "वैनी, आज अप्पांची ड्यूटी तुमच्याकडं का?" सगळे हसले. मला आवडलं नाही. घरी येताना बोललो तिला. मंदिरात झोपणं शोभत नाही म्हणालो. मी म्हणालो हे!

१४ मार्च, सोमवार

मशीनच्या पोटात पाण्याची लहान टाकी आहे, हवा ओलसर व्हावी म्हणून. तिला साधं पाणी चालत नाही, बॅटरीत घालतात ते लागतं. आमच्या नळाला पाणी येऊन आज सोळा दिवस झाले. शेजारच्या कस्तुराबाईंनी ती बाटली पाहिली आणि टँकरच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लोकांला प्यायला थेंब न्हाई, अन् आमचे अप्पा नाकाला पाणी पाजून राहिलेत!" मीही हसलो. पण त्या रात्री लाजेनं टाकी कोरडी ठेवली. पहाटे नाकातून रक्त आलं.

गौरम्मा चिडली. "लोक का तुमच्या उशाला येऊन बसणारेत? सतरा वर्सं कोण बसलं?" आता रोज संध्याकाळी टाकी तीच भरते.

घागर घेऊन येताना हल्ली ती पायरीवर बसते. पाठीत कळ येते म्हणते, डाव्या खवाट्यात, खांद्याच्या मागं. पित्त असेल. ओवा आणि काळं मीठ दिलं.

२२ मार्च, मंगळवार

लिहून ठेवण्याजोगा दिवस. पाच तास दहा मिनिटं. हिरवा! मधे कधी जाग आली ते आठवत नाही. उठलो तर डोकं धुतल्यासारखं. चहाला चव होती. मला वाटतं, नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी अर्धवट झोपेतच होतो. मग ते नकाशे बरोबर कसे आले, शंभूमहादेव जाणे.

गौरम्माला चेहरा दाखवला. तिनं तो हसरा चेहरा बोटानं पुसून पाहिला. म्हटलं, आता तुझी पाळी. "व्हईल की," म्हणाली.

२६ मार्च, शनिवार

सलग पाचवी हिरवी रात्र. जमलं मला. डॉक्टर म्हणाले होते, काहींना सहा महिने लागतात. मोजणीदार आहे मी, शिस्त अंगात आहे.

एक तक्रार मात्र आहे. मास्कच्या कडेला सकाळी हळदीचं बोट उमटलेलं असतं. ती भाजलेल्या हाताला हळद-खोबरेल लावते आणि त्याच हातानं माझ्या वस्तू उचलते. किती वेळा सांगितलं, ही नाजूक चीज आहे. आज जरा जोरातच बोललो. तिनं मुकाट्यानं फडक्यानं पुसून दिलं.

३० मार्च, बुधवार

भुजंगरावांनी काम आणलंय. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून कृती समिती आहे, तिला नकाशा हवाय. लातूरपासून आम्ही, जळकोट, देवणी तोडायचे, आणि नांदेडकडून मुखेड येतो म्हणतंय. ट्रेसिंग पेपर काढला. तीन तास मान न मोडता बसलो. आधी दहा मिनिटांत पेनासकट कलंडायचो.

संध्याकाळी बघतो तर गौरम्मा तांदूळ निवडता निवडता भिंतीला टेकून झोपलेली, तोंड उघडं. उठवून विचारलं, रात्री झोपत नाहीस का?

"झोप लागत न्हाई री. आधी घोरायचात तर ऐकू यायचं, थांबलं की कळायचं. आता नुसतं सूं करतंय. गप-गप वाटतं. भ्याव वाटतं."

याला काय म्हणावं? घोरत होतो तरी झोप नाही, घोरणं बंद तरी झोप नाही. मी फर्मान काढलं. आजपासून तू आतल्या खोलीत झोपायचं, दार लोटून. मी दिलेला शब्द पाळायचा म्हटलं तर तिनंही थोडी साथ द्यायला नको का? ती गोधडी काखेत मारून गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "पट्टा घट लावा." 

८ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. सहा तास पन्नास मिनिटं. येईल त्याला मी पडदा दाखवतो. कस्तुराबाईंनासुद्धा दाखवला. त्या म्हणाल्या, "वैनीच्या तोंडावर न्हाई आला तो हिरवा." आगाऊ बाई.

पण खरं आहे. डोळ्यांखाली काळं पडलंय. पुरणाचं करायचं म्हणाली आणि मग साधाच भात टाकला. पाठीचं पुन्हा निघालं. हात जड होतो म्हणते. "वीस तारखेला तुमच्या डागदराकडं जायचंय तर माझी पाठ बी दाखवावी म्हणते." अवश्य दाखवू. ही बाई स्वतःहून दवाखाना म्हणाली, हे छत्तीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

१३ एप्रिल, बुधवार

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. गौरम्मा बघत होती. "तिकडं रेल्वेनं पाणी, हिकडं नळीनं उसुर," म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

समितीचा मोर्चा वीसला ठरला. मी नकाशा घेऊन पुढं उभं राहायचं आणि हद्दी समजावून सांगायच्या. भुजंगराव म्हणाले, अप्पांशिवाय होणार नाही. म्हणून डॉक्टरांना फोन केला, हिची पाठही दाखवायचीय म्हणालो आणि तारीख अठ्ठावीस करून घेतली. गौरम्माला सांगितलं. "आठ दिवसांनी काय हुतंय?" म्हणाली. तिचं हे एक बरं असतं.

२१ एप्रिल, गुरुवार

काल मोर्चा झाला. बेचाळीस अंश उन्हात वीस मिनिटं बोललो, एकदाही जांभई आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ती पडल्या पडल्या ऐकत होती. "तुम्हाला असं जागं बघून बरं वाटतं," म्हणाली. मग माझ्या गळ्यातल्या डबीचा दोरा जीर्ण झालाय, बदलायला हवा, एवढं बोलली आणि कुशीवर वळली.

२४ एप्रिल, रविवार, सकाळी सव्वासहा

मशीननं दगा दिला. महिन्यानंतर लाल चेहरा. दोन तास छत्तीस मिनिटं फक्त. मास्क उशीशेजारी पडलेला. घसा कोरडा, डोकं दगड. पट्टा सैल झाला असणार. अठ्ठावीसला डॉक्टरांना विचारायचं.

पण एक गोष्ट चांगली झाली. गौरम्मा झोपली आहे. रात्री कधी आतल्या खोलीतून इकडे आली कोण जाणे, माझ्या पलंगाच्या खाली चटई टाकून भिंतीकडे तोंड करून झोपलीय, डोक्यावरून पदर घेऊन. फर्मान मोडलं, पण आज रागावणार नाही. छत्तीस वर्षांत ती माझ्यानंतर उठल्याचं मला आठवत नाही.

साडेपाचला नळ आला. एकोणीस दिवसांनी आलेलं पाणी, तरी तिला हाक मारली नाही. मीच भरलं. नऊ घागरी, दोन पिंपं, सगळी पातेली. कस्तुराबाई बघून गार झाल्या. त्यांना तोंडावर बोट ठेवून खुणावलं, ती झोपलीय.

चहा मीच केला. तिचा बशीनं झाकून ठेवलाय. पंखा तिच्या बाजूला फिरवला, दार अलगद लोटलं, आणि ओट्यावर बसून हे लिहितोय. एक रात्र सलग झोपायचंय म्हणाली होती. शब्द पाळला गेला, थोडा उशिरा.

सातला उठवीन. नको, आठला. झोपू दे.

७ मे, शनिवार

चहा झाकलेलाच राहिला.

इथले डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय बंद पडलं, रात्रीच. पाठीची कळ पित्ताची नव्हती. मी ओवा देत होतो.

मी भरलेलं पाणी तिच्या आंघोळीला लागलं. कस्तुराबाईंनीच घातली. रडता रडता त्या म्हणत होत्या, वैनी, आज अप्पांनी भरलंय पाणी, बघा तरी.

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. भिंतीला टेकवून तिला बसवलं, कपाळभर विभूती लावली, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं. लिंगैक्य झाली, सगळे म्हणाले. मला एवढंच दिसत होतं की सतरा वर्षं ही बाई रात्र-रात्र बसून राहिली, आणि आजही आम्ही तिला आडवं होऊ दिलं नाही. कुणाला बोललो नाही हे. इथेच लिहितोय.

९ मे, सोमवार

बसवजयंती. मिरवणूक दारावरून गेली, मी उठलो नाही.

संगमेशनं ओरडून ओरडून पुन्हा मास्क लावायला लावला. तीन रात्री झाल्या. पावणेदोन तास, दोन तास, अडीच तास. लाल, लाल, लाल. सकाळी मास्क जमिनीवर असतो. संगमेश म्हणतो, दुःखानं होतंय. मी म्हणतो, मशीन बिघडलंय. तीच तर होती टाकी भरणारी, तिनंच काहीतरी नीट ठेवलं असेल आणि आता ते हललं असेल.

१९ मे, गुरुवार

आज संगमेश मला लातूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड काढून काँप्युटरला लावलं. प्रत्येक रात्रीची एक आडवी रेघ. मास्क असेल तोवर रेघ चालते, निघाला की तुटते.

"मशीन ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. मग मागच्या रेघा बघू लागले. "अप्पा, एकवीस मार्चपासून रोज रात्री एक-दोनदा तुम्ही मास्क काढून टाकलाय, एक ते तीनच्या दरम्यान. आणि चार-पाच मिनिटांत परत लावलाय. तुम्ही उठत होता का?"

"नाही," मी म्हणालो. "मला तर सलग झोप लागायची."

"झोपेत मास्क काढणारे पुष्कळ असतात. पण झोपेत परत नीट लावणारा मी अजून पाहिला नाही." मग त्यांची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. बहुतेक त्यांनाही त्याच क्षणी कळलं. दारात संगमेश उभा होता. तो बाहेर निघून गेला.

मी खुर्ची पुढं ओढली. रेघा वाचायला मला कुणी शिकवायची गरज नाही. तेहेतीस रात्री. एकोणपन्नास वेळा रेघ तुटली आणि एकोणपन्नास वेळा सांधली गेली. तीस मार्चनंतरसुद्धा. म्हणजे दार लोटून मी निजलो की ती गोधडी घेऊन परत येत होती, आणि मी उठायच्या आधी पुन्हा आतल्या खोलीत जात होती. हळदीचं बोट. मी तिला त्यावरून बोललो होतो.

तेवीस एप्रिलची रात्र. साडेदहाला रेघ सुरू. एक वाजून सहा मिनिटांनी तुटली. त्यापुढं पडदा कोरा.

तिच्या मृत्यूची वेळ इथल्या डॉक्टरांना सांगता आली नव्हती. ती मला मशीननं सांगितली. एक वाजून सहा मिनिटांनी मी मास्क ओढून टाकला, तेव्हा ती नव्हती. असती तर चार मिनिटांत रेघ सांधली असती.

डॉक्टरांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मग हळूच म्हणाले, "बाईंना दाखवायला आणणार होता ना तुम्ही?" मी म्हणालो, हो. वीस तारखेला.

२० मे, शुक्रवार

आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडून काढत नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईनं खरं लिहायचं आणि बाजूला सही करायची.

आज ही वही पहिल्यापासून वाचली. बावीस मार्चपासून "जमलं मला" या अर्थाचं जेवढं लिहिलंय, त्यावर रेघ मारली. सव्वीसची हळदीची तक्रार, तिच्यावर मारली. माझे सगळे हिरवे चेहरे तिच्या नावावर चढवले. सतरा वर्षं आणि वर तेहेतीस रात्री.

मग चोवीस एप्रिलचं पान उघडलं. "शब्द पाळला गेला, थोडा उशिरा." त्यावरही रेघ मारली. नोंद कापायच्या रेघेला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पट्टी लागली. वर लिहिलं: पाळला गेला नाही. खाली सही केली. शंकरप्पा.

संगमेश पुण्याला चल म्हणतो. गेलो नाही. मशीनची टाकी भरली, गळ्यातल्या डबीचा दोरा बदलला. आता मास्क लावतो. तिच्यासाठी लावतो हे म्हणायची सोय मी ठेवलेली नाही, पण तिनं एकोणपन्नास वेळा लावून दिलेली गोष्ट मी फेकून कशी देऊ?

घड्याळात एकचा गजर लावलाय. मास्क जागेवर आहे का, ते उठून बघायला घरात आता दुसरं कुणी नाही.